लेडव्हिलला मी ‘नाही’ म्हटलं ते का

कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला विमानाने आलो होतो मी आणि माझा मित्र, दोघं; परतायचं म्हणाला तो चौघांनी. हे मला दुपारी एक वाजता, विमानाशेजारी उभं असताना कळलं. मित्राचा मेव्हणा आणि त्याची बायको डेन्व्हरहून गाडीने आले होते. “गाडी उद्या कुणीतरी आणेल, यांना जरा वरून डोंगर दाखवू.” बॅगाही होत्या.

नऊच्या आत निघायचं ठरलं होतं. पण तिथे उतरलेल्या पायलटला प्रमाणपत्र देतात, ते धरून फोटो काढण्यात आणि मग गावात खाण्यापिण्यात मित्राची सकाळ गेली.

मी रेडिओवर विमानतळाचं हवामान लावलं. तापमान २४ अंश, डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विमानाच्या लेखी असलेली उंची, १३,४०० फूट. विमानतळ मुळात ९,९३४ फुटांवर, उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच. आमच्या १८० अश्वशक्तीच्या सेसना १७२ ची सर्व्हिस सीलिंग १४,००० फूट. म्हणजे चाकं जमिनीवर असतानाच विमानाची चढायची ताकद संपत आलेली. हँडबुकातला टेकऑफचा तक्ता मी मित्रापुढे धरला. शेवटची ओळ ८,००० फुटांची. त्याखाली काही नाही. कंपनीनेच जिथे आकडा दिलेला नाही, तिथे मी चार माणसं घालून काय सिद्ध करणार होतो?

“अरे, ६,४०० फुटांचा रनवे आहे, उडेल रे. माझे तास तुझ्या तिप्पट आहेत.” तास खरे, पण सगळे ह्यूस्टनचे, समुद्रसपाटीचे. मग तो मेव्हण्याकडे बघून हसला. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

विमान माझ्या नावावर घेतलेलं होतं. मी नाही म्हटलं. तिघं गाडीने निघून गेले, मागे वळून बघितलंही नाही. गणपतीच्या जेवणात मात्र सगळ्यांना सांगून झालं, ‘हा घाबरला.’

लेडव्हिलहून मी त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ४ अंशांत एकटा निघालो, तर चढायचा वेग मिनिटाला जेमतेम ४०० फूट. त्यात आणखी तीन माणसं, बॅगा आणि २० अंशांनी जास्त ऊन हवा मिळवा, मग घाबरण्याबद्दल बोलू.

अशा ठिकाणी जाणाऱ्यांनी टेकऑफपूर्वी फुल थ्रॉटलवर मिक्स्चर लीन करावं, म्हणजे त्यातलं इंधन कमी करावं. समुद्रसपाटीच्या सवयीने ते पूर्ण रिच ठेवलं, तर आधीच साठेक टक्क्यांवर आलेलं इंजिन आणखी मार खातं. विरळ हवेत जमीन खूप वेगाने मागे पळते आणि हात आपोआप योक ओढायला जातो. डोळे एअरस्पीडवरच ठेवा. लवकर ओढलं तर विमान जमिनीलगतच्या हवेवर तरंगतं, पुढे चढत नाही. अर्ध्या रनवेला उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, तर थ्रॉटल बंद. लेडव्हिलहून शक्य तेव्हा दक्षिणेला निघा, आर्कान्सा नदीचं खोरं तिकडे उतरत जातं. हवामान बघून निघा, हे तर आलंच.

आपल्याकडेही, पुण्याएवढ्या १,९०० फुटांवर मे महिन्यात पारा ४० ला गेला की विमानाच्या लेखी ती उंची ५,३०० फुटांच्या पुढे असते. तिथे शिकणाऱ्यांनी हा हिशोब दुपारच्या प्रत्येक उड्डाणाआधी करावा.

आणि वजन काट्यावर करा, तोंडी सांगितलेलं धरू नका. मेव्हण्याने बॅगा ‘अगदी हलक्या’ सांगितल्या होत्या. त्यातली एक मी उचलायला गेलो, तर एका हाताने हलेना.