कादंबरी वाचू या, चरित्रही वाचू या



इंदूरच्या आपल्या घरांतून मराठी बोलली जाते, सणवारही मराठी पद्धतीने होतात. पण वाचायची वेळ आली की हात हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकाकडे वळतो. जी भाषा नुसती बोलली जाते, ती हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते. ज्या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली, तेथे असे होऊ नये.

आपल्याला एक मोठी सोय आहे. हिंदीमुळे देवनागरी लिपी सर्वांनाच येते. ‘ळ’ एकदा ओळखीचा झाला की अडचण उरते ती फक्त सवयीची.

सुरुवात आपल्याच मुलुखापासून करावी, असे आम्ही सुचवतो. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही पहिल्या बाजीराव पेशव्यांवरील कादंबरी. बाजीरावांचे निधन २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे झाले. त्यांची समाधी खरगोन जिल्ह्यात, म्हणजे आपल्यापासून फार दूर नाही. इनामदारांचीच ‘झुंज’ ही कादंबरी यशवंतराव होळकरांवर आहे. या दोन्हींसोबत विनया खडपेकर यांचे ‘ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर’ हे चरित्र वाचावे. महेश्वरहून १७६७ ते १७९५ कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंचा पुतळा आपण राजवाड्यासमोर येता-जाता पाहतो. त्यांच्याविषयी वाचतो मात्र थोडेच.

येथे एक भेद नीट समजून घ्या. दोन माणसे बंद खोलीत काय बोलली, हे कादंबरीकार कल्पनेने लिहू शकतो. तो त्याचा अधिकार आहे आणि त्यामुळेच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. चरित्रकाराला ती मुभा नाही. त्याला पत्रे, हिशेब, दप्तरे यांचा आधार लागतो आणि आधार नसेल तेथे थांबावे लागते. कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून सांगत सुटणे चूक, आणि कल्पित आहे म्हणून कादंबरी खोटी मानणे हीही चूकच. दोन्ही वाचणाऱ्याला हे आपोआप कळू लागते.

जाड पुस्तकाची धास्ती वाटणाऱ्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्यावी. माणदेशातल्या धनगरवस्तीवर आलेल्या एका तरुण मास्तरांची ही लहानशी कादंबरी आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र घरात सर्वांनी मिळून मोठ्याने वाचण्याजोगे आहे. बोलल्यासारखी भाषा, हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारी. वरच्या वर्गांनी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ वाचावी. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीत धरणापायी उठवलेल्या माणसांची कथा आहे. २००४ मध्ये इंदिरा सागर धरणासाठी हरसूद गाव रिकामे झाले, हे ज्यांच्या घरी ऐकून ठाऊक आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

पालकांना विनंती, की मुलाला ‘वाच’ म्हणण्याऐवजी रोज दहा पाने त्याच्याबरोबर वाचावीत. अडलेला शब्द तेथेच सांगावा; परीक्षा घेऊ नये. विश्वस्त मंडळींना सुचवावेसे वाटते, की एकेका पुस्तकाच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. एकच पुस्तक चौघांनी एकाच वेळी वाचले, तरच त्यावर चर्चा रंगते.

अभ्यास : वरीलपैकी एक कादंबरी आणि एक चरित्र किंवा आत्मचरित्र निवडा. प्रत्येकातील एक प्रसंग घेऊन उत्तर लिहा : १. हा प्रसंग लेखकाला कशावरून कळला असेल? २. त्यातील कोणता भाग कल्पनेचा वाटतो, आणि का? ३. हे पुस्तक तुम्ही कोणत्या मित्राला द्याल, आणि त्यालाच का?