तीन कोर्स झाले, ठणका तसाच

प्रश्न : वय 41. देवासहून रोज मोटारसायकलने इंदूरला नोकरीसाठी जातो. आठ महिने ओटीपोटात आणि बैठकीच्या जागी ठणका, लघवीला सारखं जावं लागतं. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, गुण नाही. कॅन्सर तर नसेल?

उत्तर : तुमची लक्षणं जुनाट प्रोस्टेटायटिसची (प्रोस्टेट ग्रंथीच्या सुजेची) वाटतात, कॅन्सरची नाहीत. या दुखण्यात दहातल्या नऊ जणांना जंतुसंसर्ग नसतोच, मग गोळ्या कशावर चालणार? लघवीचं कल्चर केल्याशिवाय चौथा कोर्स घेऊ नका. कॅन्सरच्या शंकेने रक्तातलं पीएसए तपासतात, पण ते सुजेमुळेही वाढतं. आकडा पाहून धसका घेऊ नका.

बहुतेकदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले असतात. ते सैल सोडायला फिजिओथेरपिस्टकडून शिका. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा, वाटेत थांबून पाय मोकळे करा. माळव्यात राहून शेव सोडा म्हणणं जिवावर येतं, पण पंधरा दिवस तिखट, चहा, दारू बंद करून पाहाच. इंदूरला रोज जाताच, तिथे यूरॉलॉजिस्टला एकदा दाखवा. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी तुंबली, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठा.