जात्यावरची ओवी आणि रेडिओ

मावळांत पहांटे जात्यापाशीं दोघी समोरासमोर बसत. एकीनें ओवी उचलावी, दुसरीनें ती झेलावी. दगडाची घरघर हाच ताल. भाऊराया, सासुरवास, सीतेचा वनवास, पुढें डॉ. आंबेडकरही त्या ओव्यांत आले. पिठाच्या गिरण्या झाल्या आणि गाण्याचें निमित्त सरलें.

गाणें मात्र सर्वस्वीं गेलें नाहीं. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं सहकाऱ्यांसह मावळ-मुळशीसारख्या भागांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांपैकीं पुष्कळ ध्वनिमुद्रितही आहेत. मग त्या रेडिओवर क्वचितच कां ऐकूं याव्या? पुण्याचें आकाशवाणी केंद्र १९५३ सालापासून चालू आहे. लोणावळ्याच्या बाजारांत मात्र सिनेमाचीं गाणीं दिवसभर कानीं आदळतात! पेटी-तबल्याचा साज चढविलेली ओवी ही आमच्या मतें निराळीच वस्तु होय. तिचा श्वास दळणाऱ्या हाताबरोबर चालतो; म्हणून ती साथीवांचून, आहे तशीच, पहांटे लावावी.

विद्यार्थ्यांनीं घरीं आजीस विचारावें व आठवेल ती ओवी तिच्याच बोलींत उतरून घ्यावी. संग्राहकांनीं गाणारणीचें नांव व गांवही टिपून ठेविलें आहे. निवेदकानें तें आधीं वाचावें, मग ओवी लावावी.