राउटरला लावलेला पेनड्राइव्ह दिसत नाही तेव्हा

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण सुरू झाले. त्यानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय निघाला. या काळात या भागातल्या अनेक कुटुंबांनी मोडी-उर्दू नोंदींचे फोटो, वंशावळ, प्रवेश-निर्गम उतारे, खासरा पत्रके आणि सातबारे स्कॅन करून ठेवले. हे सगळे एका पेनड्राइव्हमध्ये भरून तो घरच्या राउटरला लावला, की घरातल्या प्रत्येक मोबाइलवर उघडता येते. त्यासाठी बाहेरचे इंटरनेट चालू असण्याची गरज नसते. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना जिल्ह्यातली इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. अशा वेळीही घरातल्या घरात राउटर आणि मोबाइल एकमेकांशी बोलत राहतात. अट एकच, राउटरने पेनड्राइव्ह ओळखला पाहिजे.

तो ओळखला जात नसेल तर पुढच्या क्रमाने तपासणी करावी. क्रम मोडू नये, कारण प्रत्येक पायरीवर एक शक्यता कायमची बाजूला पडते. आणि एक गोष्ट आधीच पक्की करावी: दुसरी प्रत हातात असल्याशिवाय कोणत्याही पायरीवर पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. राउटरने नाकारलेल्या पेनड्राइव्हमधल्या फाइली बहुतेक वेळा शाबूत असतात. त्या जातात घाईने केलेल्या फॉरमॅटमुळे.

१. राउटरचा यूएसबी पोर्ट साठवणुकीसाठी आहे का, ते पाहावे. फायबर जोडणीबरोबर कंपनी जो डबा देते, त्याच्या पाठीमागे अनेकदा यूएसबीचे तोंड असते. पण काही डब्यांत ते केवळ डोंगल किंवा प्रिंटरसाठी असते, तर काहींत सेवा देणाऱ्याने ते बंद करून ठेवलेले असते. राउटर उलटा करून स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचे पान उघडावे. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, स्टिकरवर छापलेला असतो आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचा असतो. तिथे 'यूएसबी शेअरिंग', 'स्टोरेज', 'मीडिया सर्व्हर' किंवा 'सांबा' असा पर्याय कुठेच नसेल, तर आधी सेवा देणाऱ्याला विचारावे. ही सोय नाही असे उत्तर आले, तर यूएसबी साठवणूक देणारा दुसरा राउटर घेऊन तो लॅन केबलने या डब्याला जोडणे हाच मार्ग उरतो. पुढच्या पायऱ्यांवर वेळ घालवू नये.

२. पेनड्राइव्ह संगणकाला लावून पाहावा. फाइली दिसल्या तर लगेच सगळ्यांची प्रत संगणकावर घ्यावी, मगच पुढे जावे. 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असा संदेश आला तर 'कॅन्सल' दाबावे. याचा अर्थ संगणकाला डिस्क सापडली आहे, आतली मांडणी तेवढी वाचता येत नाही. अशा स्थितीतून फाइली परत मिळवणारी सॉफ्टवेअर असतात. मजकूर मोलाचा असेल तर ते काम जाणकाराकडे द्यावे. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' मध्येही काही दिसत नसेल, तर दुसऱ्या पोर्टमध्ये घालून पाहावे, मध्ये केबल असेल तर तीही बदलावी. तरीही नाही, म्हणजे दोष पेनड्राइव्हचाच आहे आणि राउटर निर्दोष आहे. घरात संगणक नसेल तर ओटीजी जोडणी लावून मोबाइलवरही हीच तपासणी होते.

याच वेळी क्षमतेचीही खात्री करावी. अतिशय स्वस्तात 'एक टीबी' किंवा 'दोन टीबी' म्हणून विकले जाणारे पेनड्राइव्ह अनेकदा खोटे असतात. आतली खरी जागा थोडी असते, पण संगणकाला मोठा आकडा दाखवला जातो. खरी जागा संपल्यावर टाकलेली फाइल नावापुरती दिसते, उघडत मात्र नाही. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' हे मोफत साधन पूर्ण जागा भरून आणि परत वाचून खरे-खोटे सांगते. त्यासाठी ड्राइव्ह रिकामा असावा.

३. वीज पुरेशी मिळते का, हे पाहावे. या पायरीवर थांबून नीट पाहण्यासारखे आहे, कारण गावाकडच्या जोडण्यांत दोष अनेकदा इथेच सापडतो. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर. साध्या पेनड्राइव्हला एवढे पुरते. पेनड्राइव्हऐवजी लावलेल्या पोर्टेबल हार्डडिस्कच्या आत मात्र फिरणारी तबकडी असते आणि ती सुरू होताना क्षणभर याहून जास्त प्रवाह ओढते. तेवढा मिळाला नाही की डिस्क टिक-टिक आवाज करते, तिचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. संगणकावर चालणारी डिस्क राउटरवर न चालण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

आता राउटरचा अडॅप्टर हातात घेऊन त्यावरचा बारीक मजकूर वाचावा. व्होल्टेजच्या चढ-उतारात मूळ अडॅप्टर जळतो आणि बाजारातून मिळेल तो आणला जातो, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. समजा, मूळ अडॅप्टर १२ व्होल्ट, १.५ अँपिअरचा होता, म्हणजे १८ वॉट. नवा १२ व्होल्ट, ०.५ अँपिअरचा आणला, म्हणजे फक्त ६ वॉट. यूएसबी ३.० पोर्टलाच पूर्ण भारावर साडेचार वॉट लागतात. उरलेल्या दीड वॉटवर वायफाय चालणार नाही. एरवी राउटर कसाबसा सुरू राहतो, डिस्क लावली की ती सुटते किंवा राउटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच असावेत आणि अँपिअर मूळ अडॅप्टरइतके किंवा त्याहून जास्त. पिनचा आकार आणि आतल्या-बाहेरच्या ध्रुवांची खूणही जुळवून घ्यावी. डिस्कसाठी स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला, तर राउटरवर भार पडत नाही. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन केबल काढून टाकावी. तिच्यातही व्होल्टेज पडते.

४. राउटर बंद करावा, ड्राइव्ह घट्ट बसवावा, मग राउटर सुरू करून दोन-तीन मिनिटे थांबावे. काही राउटर ड्राइव्हचा शोध फक्त सुरू होतानाच घेतात.

५. राउटरच्या पानावर ड्राइव्हचे नाव किंवा क्षमता दिसते का, ते पाहावे. इथून वाट दोन दिशांना जाते. नाव अजिबात नसेल, किंवा 'ओळखता आले नाही' असा संदेश असेल, तर सहावी आणि सातवी पायरी पाहावी. नाव आहे, क्षमताही बरोबर आहे, पण संगणकावर किंवा मोबाइलवर फाइली सापडत नाहीत, तर सरळ आठव्या पायरीवर जावे.

६. फाइल सिस्टीम तपासावी. डिस्कवर फाइली कोणत्या पद्धतीने मांडल्या आहेत, त्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. संगणकात ड्राइव्हवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडल्यास तिचे नाव दिसते. बहुतेक राउटरच्या आत लिनक्स असते. फॅट-३२ ही पद्धत यूएसबी साठवणूक देणारे जवळपास सगळे राउटर वाचतात, एनटीएफएस अनेक वाचतात, एक्सफॅटवर मात्र पुष्कळ राउटर अडतात. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचे तपशील २०१९ मध्ये खुले केले, त्यानंतर ती लिनक्सच्या गाभ्यात आली. त्याआधीच्या घडणीच्या राउटरकडून ती वाचण्याची अपेक्षा ठेवू नये. आणि मोठे पेनड्राइव्ह दुकानातून बहुधा एक्सफॅटमध्येच येतात. मॅकवर तयार केलेली एपीएफएस डिस्कही घरगुती राउटर सहसा वाचत नाहीत.

कागदपत्रांचे स्कॅन आणि फोटो यांसाठी फॅट-३२ पुरते. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, म्हणून सभांचे किंवा लग्नाचे लांबलचक व्हिडिओ असतील तर एनटीएफएस घ्यावे. राउटर ते वाचतो का, हे पुस्तिकेत पाहावे. दुसऱ्या पायरीत घेतलेली प्रत संगणकावर उघडते याची खात्री करून मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अनेक जुने राउटर डिस्कच्या विभागणीची एमबीआर ही जुनी पद्धतच ओळखतात, जीपीटी ओळखत नाहीत. डिस्क २ टीबीपर्यंत असेल तर एमबीआर चालते. आणि एका डिस्कचे अनेक भाग केले असतील तर काही राउटर पहिलाच भाग दाखवतात. ड्राइव्हला बिटलॉकर किंवा दुसऱ्या कोणत्या कुलपाने बंद केले असेल, तर ते कुलूप काढल्याशिवाय राउटरला आत काही दिसणार नाही.

७. अर्धवट बंद झालेली डिस्क दुरुस्त करावी. लिहिणे चालू असताना लाइट गेली, की डिस्कवर 'तपासणी बाकी' अशी खूण राहते. अशी डिस्क राउटर जोडून घेत नाही, किंवा फक्त वाचू देतो, लिहू देत नाही. प्रॉपर्टीज, टूल्स, चेक या क्रमाने विंडोजची तपासणी चालवावी. डिस्क संगणकावरून काढताना 'सेफली रिमूव्ह' वापरावे. राउटरच्या पानावरही बहुधा तसेच बटण असते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस या बाबतीत फार उपयोगी पडतो. घेताना तो राउटर आणि डिस्क या दोघांचा भार पेलेल एवढ्या अँपिअरचा घ्यावा.

८. ड्राइव्ह राउटरला दिसतो, पण आपल्याला दिसत नाही. आधी राउटरच्या पानावर 'शेअरिंग' खरोखर सुरू आहे का आणि त्यासाठी नाव-पासवर्ड काय ठेवला आहे, ते पाहावे. मोबाइल पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर असेल तर ड्राइव्ह दिसणार नाही. मुख्य वायफायला जोडावा. मग संगणकाच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच राउटरचा पत्ता टाकून एंटर दाबावे. 'नेटवर्क' मध्ये नाव आपोआप उमटण्याची वाट पाहू नये. मोबाइलवर व्हीएलसी ॲपमधूनही राउटरवरचे व्हिडिओ उघडतात.

तरीही नकार येत असेल तर कारण बहुधा एसएमबी असते. घरातल्या यंत्रांनी फाइली वाटून घेण्याची ही भाषा आहे. जुने राउटर तिची पहिली आवृत्तीच बोलतात. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय हल्ल्याने याच आवृत्तीतली उणीव वापरली आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती नव्या संगणकांवर आपोआप सुरू ठेवणे थांबवले. इंटरनेटवर ठिकठिकाणी ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिलेला असतो; तो मानू नये. राउटरच्या पानावर दुसरी किंवा तिसरी आवृत्ती निवडता येते का पाहावे. नसेल तर एफटीपी ही फाइली देण्या-घेण्याची दुसरी पद्धत घरापुरती सुरू करून फाइली घ्याव्यात. विंडोजच्या नव्या आवृत्त्या पासवर्ड नसलेला प्रवेशही अनेकदा नाकारतात, त्यामुळे राउटरवर पासवर्ड ठेवणे प्रवेश आणि सुरक्षा या दोन्ही अर्थांनी चांगले.

९. ड्राइव्ह दिसू लागला, पण वायफाय मंदावले, असे झाल्यास पोर्ट ३.० चा आहे का पाहावे. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये अडथळा येतो. डिस्क केबलने थोडी दूर ठेवावी, किंवा सेटिंगमध्ये पोर्ट २.० वर आणावा. इथे केबल जाड आणि आखूडच असावी.

१०. एवढे करूनही यश नसेल तरच फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतली प्रणाली, अद्ययावत करावी. फाइल त्या मॉडेलच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. अर्ध्यात वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएस असतानाच हाती घ्यावे. सेवा देणाऱ्याच्या डब्यावर हे आपण करू नये, त्यांच्याकडून करून घ्यावे.

ड्राइव्ह चालू झाल्यावर राउटरच्या पानावर 'रिमोट ॲक्सेस' किंवा 'इंटरनेटवरून एफटीपी' सुरू असेल तर बंद करावे. आधार, जातीचे दाखले, जमिनीचे उतारे बाहेरच्या जगाला उघडे राहता कामा नयेत. मूळ प्रत राउटरवर ठेवू नये. ती वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये, दुसऱ्या घरात असावी.

आणि दुकानात जायची वेळ आलीच, तर अंबडला किंवा जालन्याला निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्यावे: राउटरचा मॉडेल क्रमांक, अडॅप्टरचे व्होल्ट आणि अँपिअर, ड्राइव्हची क्षमता आणि फाइल सिस्टीम, राउटरच्या पानावर दिसणारा नेमका संदेश, आणि यापैकी कोणत्या पायरीपर्यंत तपासणी झाली ते. राउटरबरोबर त्याचा अडॅप्टरही न्यावा.