नोकरीचा फॉर्म भरण्याआधी सिबिल काढा

बँकेच्या क्लार्क परीक्षेत माझी निवड झाली आणि रुजू होण्याच्या कागदपत्रांसोबत सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, रिपोर्टही मागितला गेला. माझ्या नावावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण रिपोर्टमध्ये आत्येभावाच्या, म्हणजे दादाच्या, कापड दुकानाचं कर्ज निघालं. माझ्या नावापुढे 'जामीनदार' आणि खात्यापुढे 'सेटल्ड'.

टाळेबंदीत दादाचं दुकान बसलं. कर्ज देणाऱ्यांनी काही रक्कम सोडून देऊन तडजोड केली आणि विषय संपला असं इंदूरपासून देवासपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी धरलं. सोडून दिलेली ती रक्कम रिपोर्टमध्ये बोलत राहते, हे दादालाही कोणी सांगितलं नव्हतं. करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणून आईची एफडी मोडली, उरलेली रक्कम भरली, ना-हरकत पत्र आणलं. मला मुदत मिळाली म्हणून नोकरी वाचली.

सगळ्यांना अशी मुदत मिळत नाही. स्टेट बँकेच्या 2020 च्या अधिकारी भरतीत निवडलेल्या तमिळनाडूतल्या एका उमेदवाराची नेमणूक सिबिलमधल्या थकबाकीच्या नोंदींमुळे रद्द झाली. कर्ज आधीच फेडलं आहे, असं तो सांगत होता. तरी 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला, कारण थकबाकीची नोंद असलेला उमेदवार अपात्र, हे जाहिरातीतच लिहिलं होतं. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार चोख हवा, हे मला मान्य आहे. पण धंदा बुडालेला आणि मुद्दाम बुडवणारा एकाच मापाने मोजले जातात, याचा मला आजही राग येतो.

बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसने मध्यंतरी सिबिलच्या 650 गुणांची किमान अट घातली होती, ती पुढे काढली. मात्र नोंद खराब असेल तर रुजू होण्याआधी ती सुधारून घ्यावी लागते किंवा कर्ज देणाऱ्याचं पत्र आणावं लागतं. नाहीतर नेमणूक जाऊ शकते.

इंदूरच्या भंवरकुआंमधल्या कोचिंगची मुलं विचारतात, एमपीपीएससीला, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला, हे लागतं का? तिथे सिबिलची अट नाही. पण सरकारी नोकराने सतत कर्जबाजारी राहू नये, असं केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतही आहे. आणि चेक बाउन्सला किरकोळ समजू नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 चा हा खटला फौजदारी असतो. पडताळणीच्या फॉर्ममध्ये खटल्यांचा रकाना असतो, तिथे तो लिहायचाच. खटल्यापेक्षा तो लपवणं जास्त नडतं.

जाहिरातीची वाट न पाहता आत्ताच रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. जामीन राहिलेली खाती आधी बघा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. घरात कोणाची तडजोड चालू असेल तर सवलतीचा मोह सोडा, जमेल तर पूर्ण रक्कम भरा. मग रिपोर्ट पुन्हा काढून 'क्लोज्ड' लागल्याची खात्री करा आणि त्यानंतरच फॉर्म भरा.