गळाची काठी का मोडली?

मराठी माझं कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! बेंबळा नदीवर मासा गळाला लागला आणि बांबूची काठी मुठीजवळच मोडली. का?

काठी म्हणजे कॅन्टिलिव्हर. ओढ शेंड्याला, पण बेंडिंग मोमेंट मुठीशी सर्वांत जास्त. भरीव काठीचा व्यास निम्मा केला, तर ताठपणा १/१६ उरतो!

फायबरग्लासची काठी करताना निमुळत्या पोलादी सळईवर रेझिन लावलेलं काचतंतूंचं कापड गुंडाळतात, भट्टीत पक्कं करून सळई ओढून काढतात. काठी मुठीकडे जाड, आतून पोकळ; कारण मधलं मटेरियल नुसतं वजन वाढवतं.

आपला बांबूही पोकळच, तंतू बाहेरच्या सालीकडे दाट. मी मात्र पकड छान यावी म्हणून मुठीजवळची सालच तासली होती.

मित्रहो, तासण्याआधी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आठवा. माझा मासा गेला, वर हॉस्टेलभर हसं झालं!