वजनमर्यादा वाढवावी काय?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या मोटारहोमची कमाल वजनमर्यादा 3500 किलो आहे. सामान भरल्यावर ती ओलांडली जाते अशी शंका येते. मर्यादा वाढवून घ्यावी का?

उत्तर : निर्णयापूर्वी गाडी पाणी, गॅस सिलिंडर, सायकली आणि प्रवासी यांसह, म्हणजे प्रवासास निघताना असते त्याच अवस्थेत, वजनकाट्यावर न्यावी आणि एकूण वजनाबरोबर दोन्ही आसांवरील भार स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावा, कारण मागच्या चाकांपलीकडे लांबवर आलेल्या टोकाला सायकली टांगल्या, की तरफेच्या नियमाने मागच्या आसावर त्यांच्या वजनाहूनही अधिक भार पडतो, आणि एकूण आकडा मर्यादेत असूनही तो आस कायद्याने दोषी ठरतो. टाकीतले 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. ते मुक्कामी पोहोचून भरावे. एवढ्याने भागत असेल तर वाढीच्या भानगडीत पडू नये.

भागत नसेल तर वाढ अवश्य घ्यावी, मात्र आधी आपला परवाना पाहावा : 1 जानेवारी 1997 पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांस सामान्यतः 7500 किलोपर्यंत मुभा असते, त्यानंतरच्यांस सी-वन वर्गाची वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि सत्तरीनंतर ही मुभा राखण्यास वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो. पुष्कळदा नवी वजनपट्टी आणि नोंदणीपत्रातील दुरुस्ती एवढ्यावर काम होते. परंतु टायर वा स्प्रिंग तो भार पेलण्याजोगे नसतील, तर केवळ कागदी वाढ मी धोकादायकच मानतो. विमा कंपनीसही लेखी कळवावे. ऑस्ट्रियात जाणार असाल, तर 3500 किलोवरील गाडीस तेथील महामार्गांवर अंतरानुसार पथकर पडतो, हेही हिशेबात धरावे.